बसल्या जागी दुखतं का

शुक्रवार, २७ ऑक्टोबर २०२३. सकाळी ६.४०.
दूध संस्थेत फॅट काढत होतो. तेवीस खातेदार आले. मागच्या वर्षी याच आठवड्यात एकसष्ट होते. चारा नाही, जनावरं बाजारात गेली. केशरबाईंच्या म्हशीचं पाऊण लिटर. "किटलीसकट मोज की रे, तेवढीच जड हाय," म्हणाल्या. हसलो, पण लिहिलं पाऊणच.

चेअरमन सुंदरराव म्हणाले, दिवाळीत तुला कायम करतो, तुझं लिहिणं स्वच्छ आहे. दहावीला शाळा सोडलेल्याला याहून काय मिळणार?

तेवढ्यात मोटारसायकलवर पंडित मुकादम आला. टोळी पाच तारखेला ऊसतोडीला निघते. "तुझ्या बापाच्या छातीत धरतंय म्हणं. कोयता म्हंजी जोडी असती. तुझी माय एकटी म्हंजी अर्धा कोयता. म्हातारा न्हाई आला तर तू ये की बे. हितं दूध हुंगत कशाला बसलास?"
सगळे हसले. मीही हसलो. पुढची किटली ओढली.

सोमवार, ३० ऑक्टोबर
दादांना, म्हणजे वडिलांना, बीडला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. जीप पंडितची, म्हणून तोही आला. तपासायच्या खोलीतही आला – त्याला बाहेर थांबा कोण म्हणणार?

डॉक्टर तरुण, शांतपणे बोलणारे. ईसीजीची पट्टी काढली, ती ठीक निघाली. मग विचारलं, कधी दुखतं?
"पाण्याचा हंडा घेऊन टेकाड चढताना."
"थांबल्यावर?"
"थांबलं की जातं."
"बसल्या जागी दुखतं का? झोपेत?"
दादांनी आधी पंडितकडे बघितलं. "न्हाई साहेब."
डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही घरातच असता. असंच आहे ना?" मी मान हलवली.

मग मी विचारलं, स्टेंट बसवावा लागेल का? आमच्या गावात दोघांना बसवलाय. डॉक्टर म्हणाले, पूर्वी हृदयाची नळी अरुंद दिसली की लगेच स्टेंट घालायचे. अलीकडे मोठा अभ्यास झाला, बऱ्याच देशांतल्या पाच हजारांहून जास्त रुग्णांवर. ज्यांना फक्त कष्टानं दुखतं, त्यांना आधी स्टेंट घातला काय किंवा आधी नुसत्या गोळ्या दिल्या काय, जगण्या-मरण्यात फरक दिसला नाही. स्टेंटनं दुखणं कमी होतं, एवढं खरं. "म्हणून आपण गोळ्यांपासून सुरू करू. पंधरा दिवसांत नळ्यांचा सीटी करा, मुख्य नळी मोकळी आहे ना ते बघावं लागतं. तोवर ओझं उचलायचं नाही." दारापर्यंत आलो तर पुन्हा हाक मारली. "बसल्या जागी दुखलं तर मात्र हे काही लागू नाही. लगेच दवाखाना. उशीर केलात तर ते दुरुस्त होत नाही."

जीपमध्ये पंडित म्हणाला, "झालं की मग! गोळ्या खायच्या नि ऊस तोडायचा."

मंगळवार, ३१ ऑक्टोबर
डॉक्टरांचं बोलणं आठवेल तसं दोन पानांवर उतरवलं. गोळ्यांच्या वेळा लाल शाईनं. शेवटचं वाक्य दोनदा लिहिलं.

रविवार, ५ नोव्हेंबर
टोळी गेली, दादा आणि मायही. सीटीचं विचारलं तर दादा म्हणाले, "संक्रांतीला येतो की, तवा बघू." माय ट्रकमध्ये भांड्यांवर बसली होती. म्हणाली, जेवत जा.

मंगळवार, १४ नोव्हेंबर, पाडवा
संस्थेत कायम झालो.

बुधवार, २९ नोव्हेंबर
मायचा फोन. "रातचं उठून बसतेत रे. इचारलं तर म्हणतेत पित्त हाय."
फोन दादांना द्यायला लावला आणि पान वाचून दाखवलं. बसल्या जागी दुखलं तर लगेच दवाखाना. दादा म्हणाले, "कागद घडी घालून ठेव तुझा. हितं बसायला कुणाला वेळ हाय?" आणि खोकत हसले. खाडा पडला की मुकादम बोलतो, म्हणाले.
पंडितचा नंबर काढला होता. लावला नाही.

शुक्रवार, ८ डिसेंबर
सकाळी आठला फडात पडले. कुणी सोडा पाजला, कुणी छाती चोळली. ऊस भरून होईपर्यंत ट्रॅक्टर निघेना. दवाखान्यात पोचायला दुपारचे तीन. मला फोन साडेतीनला.

मंगळवार, १२ डिसेंबर
इथे दवाखान्यात येऊन तीन दिवस झाले. नळी पूर्ण बंद होती. मनगटातून तार घालून उघडली, स्टेंट बसवला. काम चांगलं झालं म्हणतात, पण सात तासांत हृदयाचा तेवढा भाग मेला. पंपिंग पंचवीस टक्के. इथले डॉक्टर म्हणाले, "पहिल्या दोन तासांत आणायचं होतं." आणि मग, "आधी बसल्या जागी दुखत होतं का?" माय म्हणाली, व्हय.
आता स्टेंट की गोळ्या हा प्रश्न राहिला नाही. दोन्ही. तरी पायऱ्या चढता येणार नाहीत.

दादांनी खुणेनं जवळ बोलावलं. "मी खोटं बोललो डॉक्टरला. पंडित हुबा होता ना. तू मनाला लावून घिऊ नको. तुला कुठं ठावं होतं?"
मी पांघरूण नीट केलं.

रविवार, १७ डिसेंबर
दादांना घरी आणलं. रतनआत्या बघायला राहील. पंडित आला, बाजेजवळ बसला, म्हणाला, "कोयता अर्धा पडलाय." संस्थेच्या वह्या सुंदररावांच्या पुतण्याला दिल्या. खाडाखोड एकही नाही. उद्या मायबरोबर फडावर.

सोमवार, १८ डिसेंबर
निघायच्या आधी लिहितो.
दसऱ्याच्या दुपारी दादा लिंबाखाली बाजेवर बसले होते. ओझं नाही, काम नाही. मूठ छातीवर, अंगरखा घामानं चिंब. मी दारातून पाहिलं आणि मागे सरकलो. डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा ते डोळ्यांसमोर होतं. दादा घरी राहिले तर कोयत्याला मला जावं लागेल, हेही होतं. मान हलवली.
दादांना अजून वाटतं, खोटं ते एकटेच बोलले.