चौथा गिअर

शनिवार, ६ सप्टेंबर

नोरीनचा फोन! तिनं केला, मी नाही. जूनमध्ये बहिणीकडे अल्पीनाला गेली ती गेलीच. तेव्हापासून दर रविवारी मीच फोन लावतो आणि तिची बहीण डॉटी मला तिथलं हवामान सांगून फोन ठेवून देते. आज स्वतः नोरीन. ११ ऑक्टोबरला येते आहे, हिवाळ्याचे कोट न्यायला. सत्तावीस वर्षांच्या संसारातून बाईला कोट तेवढे हवेत!

म्हटलं, परत सोडायला मी येतो. माझी जुनी शेव्हेल काढतो.

"त्या गाडीतून? नको. बस बरी. बसमध्ये शेजारचा माणूस निदान ऐकतो तरी."

मी गप्प. (ही एक दुर्मीळ घटना.) मग तीच म्हणाली, "त्या गाडीत बोललेलं ऐकू येणार असेल, तर येईन."

अडीचशे मैल. चार तास. शेजारी नोरीन. एवढ्या वेळात मला "परत ये" हे दोन शब्द जमायला हवेत.

रविवार, ७ सप्टेंबर

गाडी सत्तर सालची. गिअर आपोआप पडतात, पण तीनच. हायवेला सत्तर मैलांचा वेग धरला की तिसऱ्यात इंजिन असं बोंबलतं की देवाचं बोलावणं आलं तरी कळू नये. नोरीनचे ओठ हलायचे, मी मान हलवायचो. मधूनच तिचा हात थोपटायचो. मला वाटायचं, झकास चाललंय आमचं.

यावर औषध एकच — ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स. म्हणजे वर चौथा गिअर. चाकं तेवढीच पळतात, इंजिन मात्र सुस्कारा सोडतं. अकरा वर्षं मागत होती ती! आणि मी? "कारखान्यातून आलेला काढायचा? शक्य नाही." आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात कुणाची बायको बदलली तर कुणी विचारत नाही, इंजिनाच्या नंबराशी जुळणारा मूळ गिअरबॉक्स बदलला तर सुतक पाळतात.

जाताना दारात म्हणाली होती, "ओरडून ओरडून थकले रे, लेलंड." वाक्य छान होतं. मी ते साप्ताहिकातल्या माझ्या सदरात वापरलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

ऑर्व्ह आला. पलीकडच्या गल्लीतला. तीस वर्षं मोटार कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये पत्रे ठोकण्यात काढली, डावा कान तिथंच ठेवून आला. गाडीखाली जाण्याआधी त्यानं टोपी काढली.

"लेका, पुन्हा विचार कर. नंबर जुळणारी गाडी आहे."

"बायको जुळत नाही त्याचं काय?"

"त्याला मी काय करू? माझ्याकडे पाने-पकडी आहेत फक्त."

चार वाजेपर्यंत जुना गिअरबॉक्स खाली आला. तळघरात नेऊन पांघरूण घालून ठेवला. पांघरूण नोरीनचं आहे हे ऑर्व्हनं ओळखलं. "गिअरबॉक्सला थंडी वाजेल म्हणून बायकोचं पांघरूण! आणि वर विचारतो, का गेली?"

रविवार, १४ सप्टेंबर

गुडघे कामातून गेले. डॉटीच्या गुडघ्याची आठवण झाली. गेल्या वर्षी नोरीन तिची शुश्रूषा करायला सबंध उन्हाळा तिकडे होती. एप्रिलमध्ये मीच पोचवून आलो होतो, याच गाडीतून. रोज संध्याकाळी न चुकता फोन करायचो, "काय म्हणतोय गुडघा?" पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "बरा आहे."

सप्टेंबरात परत आली ती केस अगदी बारीक कापून. साठीकडे झुकताना बायकांना काय लहर येईल! मी सदरात लिहिलं, 'आमच्या घरात आता दोन टकले'. आमचं अख्खं वायंडॉट गाव हसलं. बेकरीवाल्यानं माझ्याकडून पावाचे पैसे घेतले नाहीत. नोरीननं तो लेख कात्रीनं नीट कापून ड्रॉवरमध्ये ठेवला. मला कौतुक वाटलं.

बुधवार, १७ सप्टेंबर

टपालाचा ढीग दारापर्यंत आला. पाकिटं फोडायचं खातं तिचं. विम्याची, दवाखान्याची, कसली कसली. सगळी खोक्यात भरली. गिअरबॉक्सनंतर बघू.

शनिवार, २० सप्टेंबर

नवा चढवायचा दिवस. त्याच्या तोंडाशी एक जाडजूड पितळेच्या परातीएवढी चकती बसते, टॉर्क कन्व्हर्टर. ती फिरवत फिरवत आत ढकलायची. आत जाताना तीनदा 'टक' होतं. तिसरा टक झाल्याशिवाय बोल्ट आवळायचे नाहीत. ऑर्व्हनं चार वेळा बजावलं. मग बायकोनं जेवायला बोलावलं म्हणून घरी गेला.

मी एकटा. त्याच्या जाण्यावरच एक फर्मास वाक्य सुचलं, ते मोठ्यानं म्हणून बघत होतो. दोन टक ऐकले. तिसरा झाला असणारच! आवळले बोल्ट.

रविवार, २१ सप्टेंबर

चालू केली. किंकाळी! मग फरशीभर लाल तेल.

मंगळवार, २३ सप्टेंबर

उतरवून उघडला. आतल्या पंपाचे तुकडे. कन्व्हर्टर पुरता बसलाच नव्हता. मी बोल्ट आवळत गेलो तसा पंप चिरडत गेला. ऑर्व्हनं एक तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"तीन मोजायला सांगितलं होतं ना?"

"मी बोलत होतो."

"कुणाशी?"

तुकडा खिशात टाकला.

नोरीनला फोन केला. वाटलं, हसेल. कन्व्हर्टर, टक, किंकाळी, सगळं रंगवून सांगितलं. ती नाही हसली.

"तिसरा ऐकूच आला नाही तुला?"

"नाही."

"दोन ऐकलेस. तुझ्या मानानं पुष्कळ झालं."

पण ११ तारीख रद्द केली नाही! नाही केली.

शनिवार, ४ ऑक्टोबर

दुसरा पंप. ऑर्व्ह म्हणाला, "तोंड बंद. अगदी बंद." एका कानानं बहिरा माणूस, पण त्यानं पंजा लोखंडावर टेकवला आणि डोळे मिटले. टक. टक. बराच वेळ काही नाही. मी श्वास धरून. मग टक — इतका बारीक, की शेजारणीचं कुत्रं भुंकलं असतं तरी हुकला असता.

"हा. आला," ऑर्व्ह म्हणाला.

मागचा शाफ्ट तीन इंच कापून आणला होता. तळाचा पत्रा हातोडीनं ठोकून जागा केली. पंचावन्न वर्षांत त्या पत्र्याला कुणी हात लावला नव्हता. ऑर्व्हनं तोंड फिरवलं.

रविवार, ५ ऑक्टोबर

टोलेडोपर्यंत जाऊन आलो. पन्नासच्या जरा आधी चौथा पडला आणि मला वाटलं, इंजिन बंदच पडलं! डॅशबोर्डवरचं घड्याळ टिकटिकतं हे मला आज कळलं. गाडी चौदा वर्षं माझ्याकडे आहे.

रिकाम्या सीटला म्हणून बघितलं, "परत ये." स्वतःचा आवाज ऐकून दचकलो. डोळ्यात कचरा गेला. काचा बंद होत्या.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सीट पुसली. थर्मास घासला. ऑर्व्हनं वाटेत खायला कीलबासा सॉसेज दिलंय आणि एक सल्ला. "विनोद करू नकोस."

"अजिबात?"

"वाटेतलं सॅगिनॉ येईपर्यंत तरी."

शनिवार, ११ ऑक्टोबर

आली. केस मानेपर्यंत आलेत. कोट मागच्या सीटवर. चौथा पडला तेव्हा ती हळूच म्हणाली, "अगंबाई!" मी विनोद केला नाही.

सॅगिनॉच्या मोठ्या पुलावर मी "परत" एवढंच म्हणालो होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "गेल्या वर्षी इथंच सांगितलं होतं तुला."

"काय?"

"गाठ कॅन्सरची निघाली ते. डॉटीकडे राहून तिथंच उपचार घेते, असं म्हणाले मी. तू माझा हात थोपटलास."

मी तिच्याकडे बघितलं.

"मग रोज फोनवर गुडघा. मला वाटलं, तुला ते नाव तोंडानं घेववत नाही, म्हणून थट्टा करतोयस. म्हटलं, करू दे. नंतर तो केसांवरचा लेख आला." समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "आता बरी आहे मी. डॉटीच्या गुडघ्यांना कधी काही झालं नव्हतं, लेलंड."

एकेक शब्द ऐकू आला.

तिला डॉटीच्या दारात सोडलं. कोट आत नेऊन दिले. परत येताना गाडी तिसऱ्यातच ठेवली, बोंबलू दिली. अडीचशे मैल.