गरीब व होतकरू

आप्पा, तुम्ही कामाला होता त्या छापखान्यातलं ते साप्ताहिक आता कुणाला आठवत नसेल असं मला वाटत होतं. पण माझी नात कॉलेजात शिकते, तिनं कुठनं तरी त्याचे जुने अंक शोधले आणि फोनात त्यांचे फोटो भरून आणले. जुन्या पेपरांनी 'गरीब' हा शब्द कुठं कुठं वापरला, त्याच्यावर तिला निबंध लिहायचाय. मला म्हणाली, "आजी, तुला काय आठवतंय काय?" मी म्हटलं, "मला इचारतीस? त्यो शब्द माझ्या बानं दोऱ्यानं बांधून ठेवलेला." तिला वाटलं, म्हातारी चळली.

मग सांगितलं. खडेबाजारातल्या बोळात, छापखान्यात, मी दुपारी तुमचा डबा घेऊन यायची. तुम्ही उभे, पुढ्यात खिळ्यांचे, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खण, एकेक अक्षर उचलून ओळ जुळवताय. छपाई झाली की खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. 'गरीब' तेवढा तुम्ही मोडत नव्हता. "दर आठवड्याला लागतोय, कशाला मोडायचा?" असे पाच-सहा 'गरीब' दोरा गुंडाळून खिडकीत तयार. निवडणूक आली की 'गरीब जनता'. विहिरीत बाई सापडली की 'गरीब बिचारी', मग ती चार बैलांच्या घरातली का असेना. सावकार मेला की तो 'गरीब स्वभावाचा'. आणि टांगेवाल्यानं कुणाची पिशवी परत दिली की 'गरीब पण प्रामाणिक'. त्यातला 'पण'सुद्धा तुम्ही शेजारीच बांधून ठेवला होता. मजकूर मालकच लिहायचे. एकदा त्यांना तोंडावर म्हणालात, "साहेब, 'श्रीमंत पण प्रामाणिक' असं एकदा तरी लिवा की. हात वळतोय का बघतो." मालक हसले नाहीत. तुम्हीही नाही. चौथी शिकलेला माणूस, पण लिहिणाऱ्यापेक्षा तुम्हाला मजकूर जास्त कळायचा. हे तुम्ही माझे बाप म्हणून म्हणत नाही. बाप म्हणून सांगायचं तर तुम्ही घोरायचात लई.

नातीला इथवरच सांगितलं. मग त्या निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यानं मुलींची शाळेची फी भरायचं काढलं. मथळा होता, 'बारा गरीब व होतकरू विद्यार्थिनी'. खाली नावं, शेवटचं माझं. तुम्ही तेही जुळवलंत. मी विचारलं, "आप्पा, आपण गरीब हाय?" "मालकानं लिवलंय तसं जुळवायचं. आपलं काम त्ये." "पर हाय का?" तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "शाळंला जायचं हाय न्हवं तुला?" आणि जेवायला म्हणून हात धुवायला गेलात. प्रूफ काढून, तपासून झालं होतं. वर्गातल्या पोरींच्या घरी तो पेपर यायचा. मी ती शेवटची ओळ चिमटीत धरून उचलली आणि खिळे दिसेल त्या खणात टाकले.

दुसऱ्याच दिवशी अंक निघाला. मथळ्यात बारा, खाली अकरा. व्यापारी तावातावानं आला, आणि मालकांनी सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, "प्रूफात बारा होती, एक ओळ खाल्लीस काय रं?" तुमची चूक दाखवा आणि चहा प्या, अशी पैज लागायची त्या छापखान्यात. तुम्ही म्हणालात, "चुकलं साहेब." घरी आलात तेव्हा आई ताटं वाढत होती. माझी बोटं बघितलीत. "साबण लाव नीट, शाई जात न्हाय लवकर," एवढंच. पुढं व्यापाऱ्यानं छापून आलेल्या अकराजणींचीच फी भरली. शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला, व्यापाऱ्याला भेटा, नाव घालतील. तुम्ही मलाच विचारलंत, "जाऊ या?" मी मान हलवून नाही म्हटलं. "बरं," म्हणालात. दहा वर्षांच्या पोरीला असं विचारणारा आणि तिचं ऐकणारा बाप आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. शाळा सुटली ती सुटलीच. तिच्यासाठी जीव तुटला नाही असं म्हणणार नाही, पुष्कळदा तुटला. पण "तूच केलंस" हे तुम्ही जाईपर्यंत तुमच्या तोंडून मला कधी ऐकावं लागलं नाही.

काल नातीला नेमका तो अंक सापडला. बोट लावून मोजत म्हणाली, "आजी, वर बारा म्हणतायत आणि नावं अकराच. एक कुठं गेली?" मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "छापणाऱ्याची चूक असंल." तिनं ते तसंच लिहून घेतलं.

निबंध उद्या द्यायचाय. आत्ता ती पलीकडच्या खोलीत तो उतरवून काढतेय आणि मी इथं तुम्हाला लिहीत बसलेय. दार उघडंच आहे. हाक मारली तर ऐकू जाईल, पण आप्पा, ती बारावी मीच, हे सांगायची मला अजून लाज वाटते.