अकराव्या विमानाच्या तारा

बाबा,

आज दुपारी काचेच्या कपाटातली, तुम्ही बनवलेली छोटी विमानं पुसली. वर्षातून दोनदा पुसते, गालाला पावडर लावायच्या मऊ ब्रशने, कारण फडक्यात तारा अडकतात. अकरा आहेत, अकराच्या अकरा शाबूत. आई म्हणते, कोणातरी हौशी माणसाला देऊन टाक, उगाच धूळ खातायत. मी बरं म्हणते आणि पुसून परत जागच्या जागी ठेवते. पुसताना मला काही वाटत नाही, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही; रडारड तुम्हालाही कधी आवडली नाही. तुम्ही गेलात त्या सकाळी मी हॉस्पिटलच्या खिडकीशी उभी राहून फॉर्म भरत होते. 'नाते' या रकान्यात 'मुलगी' लिहिलं आणि अक्षर बरं आलंय असं मनात आलं. त्या दिवसातलं मला स्पष्ट आठवतं ते एवढंच. पुढे केव्हातरी वाटेल म्हणून थांबले होते. आता थांबायचंही लक्षात राहत नाही.

मी बारावीत होते तेव्हा तुमच्या हडपसरच्या कंपनीत संगणकावर चालणारी मशीन आली आणि टूलरूममधल्या, साचे आणि हत्यारं हाताने घडवणाऱ्या निम्म्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा कोणाची, ते विचारू नकोस," एवढं आईला म्हणालात आणि डबा ओट्यावर ठेवलात. दोन महिने नुसते पेपर वाचलेत, जाहिरातींसकट. मग एकदा कॅम्पातून एक खोकं घेऊन आलात. विमानांच्या मॉडेलची परदेशी किट तेव्हा नुकती दुकानांत दिसायला लागली होती. आईला वाटलं, कोणाच्या तरी बारशाला न्यायचंय. आत प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले शे-दीडशे बारीक भाग होते आणि पहिल्या महायुद्धातल्या विमानाचं चित्र, पंख एकावर एक. आईने त्याचं 'दुमजली विमान' असं नाव ठेवलं ते कायमचं. जेटचीही किट मिळायची, पण तुम्ही त्यांना हात लावला नाहीत. "जेटमध्ये काय बघायचं? साबणाची वडी. ह्यात सगळं उघड्यावर असतं, चूक लपवायला जागा नाही."

स्वयंपाकघरातल्या टेबलाचं खिडकीकडचं टोक तुमचं झालं. ब्लेडने भाग सोडवायचा, कड कानशीने घासायची, रंगाचा हात द्यायचा, वाळू द्यायचा. सगळ्यात शेवटी तारा. उरलेल्या चौकटीची काडी मेणबत्तीवर मऊ करायची आणि दोन्ही हातांनी ओढायची, की केसाएवढा धागा निघतो. तो वरच्या आणि खालच्या पंखांमध्ये तिरपा बसवायचा. धागा सैल राहिला तर पेटलेली उदबत्ती त्याच्या जवळ न्यायची, टेकवायची नाही. ऊब लागली की तो आपोआप ताठ होतो. टेकली की तुटतो. मी शेजारी बसून कॉलेजचा अभ्यास करतेय, आई फोडणी देतेय, तुम्ही श्वास धरून उदबत्ती पुढे नेताय. आई म्हणते, "आमटीला विमानाचा वास येतोय." तुम्ही मान वर न करता म्हणता, "वीस वर्षं माझ्या शर्टाला ऑइलचा येत होता, तेव्हा नाही बोललीस."

टूलरूमचा एक नियम तुम्ही घरी आणला होतात. दुसऱ्याच्या जॉबला हात लावायचा नाही. चूक दिसली तर त्याभोवती खडूने गोल करायचा आणि निघून जायचं. ज्याचं काम त्याने येऊन बघायचं आणि त्यानेच दुरुस्त करायचं. माझ्या गणिताच्या वह्यांत तुमचे पेन्सिलचे गोल असत, उत्तर कधीच नसे. मी रडकुंडीला येऊन म्हणायचे, सांगा ना काय चुकलंय. तुम्ही म्हणायचात, "मी सांगितलं तर ते गणित माझं झालं. तुझं काय राहिलं त्यात?" एकदा चिडून मी तुमच्या विमानाचं सुटलेलं चाक परस्पर चिकटवलं होतं. तुम्ही ते शांतपणे उपटून काढलंत, गोंद खरवडलात आणि पुन्हा बसवलंत. तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. एका चाकासाठी एवढं काय, असं वाटलं होतं.

मग मी खराडीला आयटी कंपनीत नोकरीला लागले आणि तुमचा उजवा हात थरथरायला लागला. घरात त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. आई तुम्हाला चहा अर्धा कप द्यायला लागली, दोनदा. अकरावं विमान तुम्ही आठ महिने करत होतात. झालं तेव्हा मी छान म्हटलं. छान नव्हतं. तारा सैल होत्या, दोन तर कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबत होत्या, टोकांना गोंदाचे थेंब सुकलेले. तुम्ही ते कपाटात ठेवलंत, मागच्या रांगेत नाही, पुढे, मधोमध.

त्याच सुमारास आमच्या अमेरिकन क्लायंटचा मॅनेजर आठवडाभरासाठी पुण्यात आला होता. मला टीम लीड करायचं की नाही, हे त्याच्या शब्दावर होतं. त्यालाही विमानांच्या मॉडेल्सचा नाद आहे हे कळल्यावर मी तुमच्याबद्दल भरभरून सांगितलं आणि त्याला रविवारी जेवायला बोलावलं. शनिवारी तुम्ही आणि आई सिंहगड रोडला मुंजीला गेलात. मी कपाट पुसायला घेतलं आणि अकरावं विमान हातात आलं. खडूचा गोल करून निघून जाता आलं असतं. हे मला तेव्हाही सुचलं होतं, उगाच नाही कशाला म्हणू. मी ब्लेड घेतलं आणि तुमच्या सगळ्या तारा कापल्या. गोंद खरवडला, त्यावर रंग लावला, मेणबत्तीवर नवे धागे ओढले, एकेक बसवला, उदबत्तीने ताठ केला. माझा हात अजिबात थरथरला नाही. चार तास लागले. संध्याकाळी तुम्ही आलात, कपाटासमोर थोडा वेळ उभे राहिलात आणि म्हणालात, "उदबत्तीचा वास येतोय." मी म्हटलं, देवापाशी लावली होती. तुम्ही हं म्हणालात आणि कपडे बदलायला गेलात.

रविवारी पाहुणा जेवला, आईच्या पुरणपोळीची दोनदा तारीफ केली आणि कपाटापुढे गुडघ्यावर बसला. दहा विमानं बघून अकराव्यापाशी थांबला. म्हणाला, हे सगळ्यांत सरस, ह्याच्या तारा तर म्युझियममध्ये ठेवण्यासारख्या आहेत. तुम्ही खुर्चीत होतात, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून. कंपनीतल्या इंग्रजीत सावकाश म्हणालात, "दॅट वन इज माय डॉटर्स वर्क." आवाज चढला नाही, खवचटपणाही नव्हता. सोमवारी ब्लेड, कानशी, ब्रश बिस्किटांच्या डब्यात घालून माळ्यावर टाकलेत. आईने विचारलं तर हात दुखतो म्हणालात. त्यानंतर चार वर्षं तुम्ही होतात. टीम लीड झाले, अमेरिकेच्या प्रत्येक खेपेला एक नवं किट आणलं, तुम्ही खोक्यावरचं चित्र नीट बघायचात आणि म्हणायचात, "ठेव वर." त्यातलं एकही फोडलं गेलं नाही. तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगत होते की हातांनी दगा दिला, नाहीतर शेवटपर्यंत विमानं केली असती. लोक मान हलवत होते.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिता येतोय. मी लाजेपोटी केलं, तुमच्यासाठी नाही, हे तुम्हाला तेव्हाच कळलं असणार; ते काही नवीन नाही. पण त्या रविवारचं मी स्वतःला वेगळंच सांगत आलेय, की तुमचं वाक्य ऐकून मी गोंधळले आणि गप्प राहिले. आई विचारते तेव्हाही हेच सांगते. ती तेव्हा तूप आणायला आत गेली होती. तुम्ही ते बोललात आणि माझ्याकडे बघत राहिलात, बाबा, चांगला वेळ दिलात. आठ महिने बाबा खपलेत, मी नुसत्या तारा लावल्या, एवढं एक वाक्य हवं होतं आणि माझं इंग्रजी तुमच्यापेक्षा चांगलं होतं. मी पाहुण्याकडे वळून हसले आणि थँक यू म्हणाले.