बारा घरांचे फॉर्म

२७ एप्रिल २०२५, रविवार
घरभेटी माझ्याच गळ्यात पडल्या! चर्चच्या मंडळीतल्या बारा कुटुंबांकडे जायचं, गरज बघायची, फॉर्म भरायचा. खरी नड असेल त्यांना वर्षभर किराणा. पंच कमिटी म्हणाली, बाईंना वेळ असतो. बालवाडीच्या नोकरीला पेन्शन नसते, निवृत्तीनंतर वेळ मात्र भरपूर! पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीरही केलं — बुधवारपासून बाई येतील.

३० एप्रिल, बुधवार
ऊन मी म्हणतंय. गुडघे संपले. सहा घरं झाली. सगळीकडे सलाम, चहा, बिस्किटं, पलंगावर धुतलेली चादर. मायाक्का विधवा, विड्या वळून दोन पोरी वाढवते. तिच्याकडेही दाट दुधाचा चहा, फुलाफुलांच्या कपात! म्हणाली, प्रभूच्या कृपेनं सगळं हाय की. लिहिलं — गरज नाही.
चार बिस्किटं रुमालात बांधून आणली. संध्याकाळी गॅस पेटवायचा कंटाळा येतो.

१ मे, गुरुवार
उरलेली सहा. शेवटच्या घरात कप हातात घेतला आणि थबकले. तीच फुलं, कानापाशी तोच उडालेला टवका! एकच सेट माझ्या पुढे पुढे घरोघर फिरत होता. आणि मी शहाणी, अकरा घरांना 'गरज नाही' लिहून मोकळी! मंडळीचं माणूस येणार म्हटलं की आपले लोक घर सजवतात, हे मला ठाऊक नव्हतं का? स्वतःचाच राग आला.

३ मे, शनिवार
न सांगता मायाक्काकडे गेले. ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मी सरळ आत जाऊन डबे उघडले. एकात मूठभर तांदूळ. बाकीचे रिकामे.
"सांगून यायचं की, बाई," एवढंच बोलली.
फॉर्म बदलला. घरी येऊन पडून राहिले.

४ मे, रविवार
चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, तरी मायाक्का आली नाही. शेजारची सारजाबाई म्हणाली, ती आता देवळात तोंड दाखवायची नाही. काय मिळवलं मी?

५ मे
चक्कर. दिवसभर अंथरुणातच.

६ मे, मंगळवार
मायाक्का आली. थेट माझ्या स्वयंपाकघरात. एकेक डबा उघडून पाहिला. तेही रिकामेच. मी अडवलं नाही. अडवायला अंगात जोरच नव्हता.
मग माझ्या पिशवीतला कोरा फॉर्म काढून पुढ्यात ठेवला.
"ह्यो कुणी भरायचा, बाई?"
रडू आलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले.