ह्यांच्या नावची हजेरी

सोमवार, ३ जून
खर्च: ह्यांच्यासाठी सैल पायजमा एक — १४०. कापडी बूट — १९०. नाच-व्यायामाच्या वर्गाची तीन महिन्यांची फी — ४५०, पावती ह्यांच्या नावाने.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू राहू द्यात, पण त्यांना माणसांत न्या. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पन्नाशीच्या आसपासच्या लोकांचा वर्ग आहे. गाणी लावतात, हातात हात घालून नाचवतात. मन मोकळं होतं."

छापखाना बंद झाल्यापासून हे खिडकीपाशी खुर्चीत. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या — आता पेपरसुद्धा उघडत नाहीत. आठ महिने झाले!

बूट पुढे ठेवले. "नाच? मी?" एवढंच. तोंड भिंतीकडे.

बुधवार, ५ जून
फी परत मिळत नाही. विचारून आले. "मग त्यांच्या जागी तुम्ही या की," वर्गाच्या बाई म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला. या वयात! पण भरलेले पैसे पाण्यात कसे घालू? शिवाय तिथे शिकलेलं घरी ह्यांना दाखवता येईल. देवाला सांगितलं — ह्यांच्यासाठी जातेय.

शुक्रवार, ७ जून
हजेरीत ह्यांचं नाव पुकारलं. कुणी बोलेना. शेवटी मीच "हजर" म्हटलं. सगळा हॉल हसला. शेजारी एक शिवणवाली उभी होती. म्हणाली, "काय हो, मिशा घरी विसरलात वाटतं?"

तीनदा तिच्याच पायावर पाय दिला. गुडघे ठणकताहेत.

सोमवार, १० जून
खुर्चीसमोर, जेमतेम चार पावलांच्या जागेत, नाच करून दाखवला. एक, दोन, तीन, टाळी, मागे फिरायचं. वाटलं, हे बघतच नाहीत. पाचव्या फेरीला आवाज आला —
"तिसऱ्याला डावा पाय हवा. तू दोनदा उजवा टाकलास."

देवा! कित्येक दिवसांत पहिलं धड वाक्य, आणि तेही चूक काढणारं! मी मुद्दाम पुन्हा चुकले. पुन्हा काढली.

सोमवार, २४ जून
आता रोज पंधरा मिनिटं. हे खुर्चीतूनच टाळी धरतात. आज जेवताना म्हणाले, "भाजीत मीठ जास्त झालंय." झालंच होतं. मला मेलीला इतका आनंद झाला की तीच पुन्हा वाढली.

बुधवार, १० जुलै
गोल धरताना परके हात हातात येतात. वर्गातल्या एका कंपाउंडरांचा खरखरीत, शिवणवालीचा सुईने टोचलेला. इतकी वर्षं मी हात धरला तो आजारी माणसाचाच — आधी सासूबाईंचा, मग ह्यांचा. तिथे कुणी विचारत नाही, "आता कसं आहे त्यांचं?" तासभर मी कुणाचीच कुणी नाही. आज पोट दुखेस्तोवर हसले.

घरी येऊन दाखवलं नाही. दमले म्हटलं. दमले नव्हते.

शुक्रवार, १९ जुलै
आठवड्यावर झालं, दाखवलं नाही.

बुधवार, २४ जुलै
वर्गाहून आले तर हे दाढी करून बसलेले! म्हणाले, "शुक्रवारी मीही येऊ का तुझ्याबरोबर?"

ज्या शब्दांसाठी इतके महिने देवापुढे बसले, ते शब्द. आणि माझ्या तोंडून काय निघावं? — "शुक्रवारी सुट्टी आहे. बाई गावाला जातायत."

"बरं. मग सोमवारी."

का बोलले मी असं? कारण ठाऊक आहे. मला तो तास कुणाला द्यायचा नव्हता. अगदी ह्यांनासुद्धा. फी ह्यांची, नाव ह्यांचं — आणि मी म्हणते माझा तास! इथे लिहिते, कारण देवापुढे म्हणायचं धाडस नाही.

गुरुवार, २५ जुलै
सांगून टाकायचं ठरवलं. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा "चहा टाकू का?" एवढंच निघालं.

शुक्रवार, २६ जुलै
"बाजारात जाऊन येते," म्हटलं. पिशवी घेतली आणि वर्गाला गेले. आज शेवटचं एकटीने, सोमवारपासून दोघं — अशी मनाची समजूत घातली. बाईंनी पुढच्या रांगेत घेतलं. नाचले, खूप नाचले.

उतरताना वाचनालयाचे कारकून म्हणाले, "वर एक गृहस्थ आले होते. बराच वेळ दाराशी उभे. म्हटलं, जा की आत. तर म्हणाले, 'नको. रंगलंय चांगलं.' आणि गेले निघून."

"चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली?"

"हो, तेच! ओळखीचे का?"

धावत घरी आले. खुर्ची रिकामी. खालच्या मजल्यावरच्या काकू कौतुकाने सांगतात, "अगं, किती महिन्यांनी जिना उतरले! म्हणाले, हॉल नेमका कुठे आहे ते बघून येतो. सोमवारी हिच्याबरोबर जायचंय."

ताट झाकून ठेवलंय. येतील.

मंगळवार, ३० जुलै
ह्यांच्या थोरल्या बहिणीला पत्र टाकलं. नक्कल —

वन्सं, नमस्कार. हे शुक्रवारपासून घरी नाहीत. चौकीत वर्दी दिली आहे. चूक माझी आहे, भेटीत सगळं सांगेन. तुमच्याकडे आले आहेत का? माझ्याशी बोलायचं नसेल तर न बोलू देत, मी न्यायलाही येणार नाही. नुसतं "पोचले" एवढं उलट टपाली कळवा.