ॲम्पची बटणं कोण फिरवतं?

२ मार्च, सकाळी
संकल्प: यात्रेच्या प्रोग्रामआधी गिटारचा साऊंड फायनल करणे. ऑर्केस्ट्राचे मालक गहिनीनाथशेठ काल तोंडावरच म्हणाले, वैजनाथराव, तुमची गिटार कानाला टोचती. या यात्रेला गोड वाजली तर ठीक, न्हाईतर गिटारचे पीसपण अमृतच कीबोर्डवर काढील. अमृत म्हणजे शेठचा सख्खा भाचा. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.
मी डेअरीवर दुधाची फॅट काढतो. बावीस वर्षं लोकांच्या दुधातलं पाणी पकडतोय. मला गंडवणारा अजून आमच्या काष्टी गावात यायचाय.

३ मार्च, दुपारी
पुण्याहून आणलेला सेकंडहँड ट्यूब ॲम्प पडवीत मांडला. आत काचेचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे. तापले की लालसर दिसतात. सुकन्या (पत्नी) म्हणाली, एवढं तापतंय तर ह्याच्यावर चहा तरी व्हतो का. दुर्लक्ष केलं.
व्हॉल्यूम पाच, ट्रेबल चार, बेस सहा. बरा वाटला. अजून पाहिजे ते नाही.

४ मार्च, दुपारी
आज स्पीकरची जोडी. ॲम्पमधला मूळचा स्पीकर बारा इंची, सोळा ओमचा, आवाज चिरका. दुसरा एका बंद पडलेल्या डीजेच्या खोक्यातून काढून आणला. तोही सोळाचा, पण आवाज जाडाभरडा. दोन्ही समांतर जोडले की आठ ओम होतात, म्हणून ॲम्पच्या मागच्या आठच्या सॉकेटात लावले. चिरक्याला जाड्या सावरतो. संसारातही असंच असतं, पण ते सुकन्याला सांगितलं नाही.
मग बटणं चढवत गेलो. व्हॉल्यूम थेट दहा, ट्रेबल आठ, बेस पाच. तरी टोचेना. अहाहा, नुसतं लोणी! बाहेर सगळ्या मळ्यातल्या पाण्याच्या मोटारी चालू, घरात पंखा पेंगतोय, सुकन्या मिक्सर फिरेना म्हणून चिडलेली, आणि मी डोळे मिटून वाजवतोय. बटणांवर मार्करने बारीक रेघा मारून ठेवल्या.

९ मार्च, दुपारी
घात झाला. तीच गिटार, तेच स्पीकर, बटणं रेघेवर. पण आवाज पत्रा घासल्यासारखा.
रेघा जागेवर आहेत, म्हणजे कोणीतरी जुन्या पुसून नव्या मारल्या. काल अमृत येऊन गेला. चहा प्यायला, ॲम्पकडे दोनदा बघितलं, आणि लई भारी हाय नाना, असं म्हणाला. न विचारता भारी म्हणायचं कारण काय? मी फॅट काढताना ज्याच्या दुधात पाणी असतं तोही आधी असाच गोड बोलतो.

१० मार्च
सुकन्याचं म्हणणं असं की, कोनी काय केलं न्हाई. गेल्या आठवड्यात मोटारीची लाईट दिवसा हुती, आता रात्रीची झालीय. मोटारी बंद म्हनून दिवसा होल्टेज फुल्ल हाय, मिक्सरपण कसा भरारा फिरतोय बघा.
मी विषय ट्यूब ॲम्पचा काढला होता, ही मिक्सरवर गेली. शिवाय अमृत हिच्या माहेरच्या गावचा. त्याची बाजू घेणारच. तरी तिला संशय येऊ नये म्हणून मान डोलावली.

११ मार्च
बोटांचे ठसे मिळवण्यासाठी बटणांवर डेअरीची दूध पावडर भुरभुरली. अशी आयडिया पोलिसांनाही सुचायची नाही.

१२ मार्च
मुंग्या लागल्या. पुरावा खाऊन टाकला.
त्यातली एक रांग व्हॉल्व्हपर्यंत गेलेली. ब्रशने झाडता झाडता अर्धा दिवस गेला, डेअरीवर उशीर झाला, लोक किटल्या घेऊन ताटकळले आणि मलाच बोलले.

१३ मार्च
पडवीत कोणीही येतं-जातं. ॲम्प आतल्या खोलीत कॉटखाली ढकलला आणि खोलीला कुलूप लावलं. शिंगणापुरात घरांना दारं नसतात म्हणे, आणि इथे मला स्वतःच्या घरात कुलूप लावायची वेळ आली. किल्ली करगोट्याला बांधलीय. सुकन्या म्हणाली, तुमाला याड लागलंय. कपाट त्याच खोलीत असल्यामुळे साडीसाठी दरवेळी मला हाक मारावी लागते, म्हणून जास्त चिडलीय.

१६ मार्च, दुपारी
सिद्ध झालं! कुलूप काढून वाजवला तर आवाज पुन्हा लोण्यासारखा. कोणाचा हात लागला नाही तर साऊंड बरोबर येतो, ही गोष्ट आता शंभर टक्के पक्की. सुकन्याला सांगायला बाहेर गेलो तर ती उसाला पाणी धरायला गेली होती. आजपासून मोटारीची लाईट पुन्हा दिवसा झालीय.
आता रिस्क नको. तिन्ही बटणं फेविक्विकने कायमची चिकटवली. व्हॉल्यूम दहा, ट्रेबल आठ, बेस पाच. आता अमृतच काय, त्याचा मामा आला तरी फिरणार नाहीत. बोट पण चिकटलं होतं, पण सुटलं.

२१ मार्च
तालमीला ॲम्प मुद्दाम नेला नाही. अमृतच्या डोळ्यांसमोर कशाला उघडा करायचा? गिटार वायर न लावताच वाजवली. शेठनी विचारलं, आवाज झाला का नीट? म्हणालो, एक नंबर. ते म्हणाले, एकदा ऐकवा तरी. म्हणालो, यात्रेतच ऐका. अमृत गालात हसला. नोंद केली.
घरीही यात्रेपर्यंत वाजवायचा नाही. भिंतीला कान असतात.

२७ मार्च, सकाळी
काल यात्रेचा प्रोग्राम झाला. लिहिलंच पाहिजे.
लाईट शेठच्या जनरेटरवर. स्टेजवरचे बल्ब डोळ्यात घुसत होते. पहिल्याच गाण्यात माझा पीस आला आणि ॲम्प जो किंचाळला! पुढच्या बायकांनी पोरांचे कान झाकले. गाणारी मोनिका माईक सोडून मागे बघायला लागली. मी व्हॉल्यूमला हात घातला. फिरेना. ट्रेबल फिरेना. बेस तर नाहीच. दातओठ खाऊन पिळलं तर व्हॉल्यूमचं बटण दांड्यासकट तुटून हातात आलं. किंचाळी चालूच.
मग अमृतने वाकून प्लग काढला. एवढ्या दिवसांत त्याला माझ्या ॲम्पला हात लावताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही गावासमोर. साक्षीदार कितीतरी मिळाले, पण मला त्यांचा काही उपयोग नाही.
नंतर माझा पीस त्याने कीबोर्डवर वाजवला. वन्स मोअर मिळाला. मी तुटकं बटण खिशात घालून तसाच उभा होतो.

२८ मार्च
सुकन्याला शेवटचं विचारलं, खरं सांग, अमृत बटणं फिरवायचा का? ती भाकरी थापता थापता म्हणाली, अहो, तुमच्या त्या पेटीला कोन कशाला हात लावील? कोनाला एवढा येळ हाय? आवाज होल्टेजनं बदलत हुता, जनरेटरवर तर होल्टेज फुल्लच. मी सांगितलं हुतं.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. कोणीतरी माझ्या मागे लागलंय या विचारात एक बरं होतं, निदान मी मागे लागण्याजोगा तरी होतो.
जेवलो नाही. तिने ताट झाकून ठेवलं, मग जेवलो.

३१ मार्च, संध्याकाळी
गहिनीनाथशेठचा फोन आला. दोन रिंग मुद्दाम वाजू दिल्या. माफी मागणार असं वाटलं होतं.
ते म्हणाले, वैजनाथराव, पुढच्या प्रोग्रामला या. गिटार गळ्यात घाला, कोट घाला, अमृतच्या शेजारी उभे राहा. वायर तेवढी लावू नका. हात हलवत राहा, स्टेज भरल्यासारखं दिसतं. अमृतच म्हणाला, नानांना सोडू नका.
सुकन्याने विचारलं, जाणार का? म्हणालो, बघू, मान ठेवून बोलावलं तर विचार करू.
फोनवर मी आधीच हो म्हणालो होतो. आता गिटारला नव्या तारा टाकतोय.