मेधाने बसवलेलं स्पिंडल

३ फेब्रुवारी, मंगळवार
आज पुन्हा तेच. डबा घेऊन वरसाव्याच्या आमच्या दुरुस्तीच्या शेडवर पोचले, तर ट्रान्सपोर्टवाल्या जेठाभाईंचा ड्रायव्हर मेधासमोर उभा राहून तिलाच विचारतोय, "मॅडम, मिस्त्री किधर है?" माझी मुलगी कोपरापर्यंत ग्रीसमध्ये, हातात पाना, आणि ह्याला मिस्त्री दिसत नाही! म्हटलं, "आँखें घर पे रखके आए हो क्या?"
"आई, डबा ठेव आणि बस."
बसले.
पण ट्रेलर आला. मेधाचे पप्पा, अरविंद, गेल्यापासून जेठाभाईंनी पाठवलेला हा पहिलाच. एके काळी त्यांच्या सगळ्या गाड्या अरविंदच्या हाताखालून जायच्या. हा नीट झाला तर बाकीच्या परत येतील, नाहीतर शेडला टाळं. मेधा हे बोलत नाही. मी इथे तरी लिहिते.

५ फेब्रु., गुरुवार
चाक आणि ड्रम उतरवल्यावर स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते अ‍ॅक्सलचं टोक, उघडं पडलं. बेअरिंग बसते ती जागा झिजलेली, आणि तिच्यावर पंचने मारलेले ठिपके. देवीच्या व्रणांसारखे. ठिपके मारले की लोखंड जरासं वर येतं, सैल बेअरिंग घट्ट बसल्यासारखी वाटते. वाटते, एवढंच.
जेठाभाई स्वतः आले. "बेटा, थोडं वेल्डिंग भरून घासून दे ना. तुझे पप्पा तर नुसते पंच मारून गाडी सोडायचे."
मेधा हात पुसत म्हणाली, "काका, पप्पा पंच मारायचे ते रिकामी गाडी घरी पोचावी म्हणून. माल भरून घाट उतरायला नाही. मी हे टोक कापून नवीन बसवणार. नको असेल तर गाडी घेऊन जा."
गाडी घेऊन जा! टाळंच दिसलं मला. आणि मान, का खोटं लिहू, ताठ झाली.
जेठाभाई उठून गेले. चहासुद्धा तसाच...

७ फेब्रु., शनिवार
ट्रेलर अजून ठोकळ्यांवर. निरोप नाही.
लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या बाई: "एवढी शिकलेली मुलगी, ऑफिसात नाही का लागत कुठे?" म्हटलं, "शिकलीय म्हणूनच तिथे आहे. तुमच्या नातवाच्या स्कूलबसचं चाक कशावर फिरतं, ठाऊक आहे?" बाईंनी मजल्याचं बटण पुन्हा दाबलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, मुलींनी आवाज खाली ठेवावा. माझा आवाज खालीच होता.
संध्याकाळी जेठाभाईंचा फोन. "कर तुझ्या मनासारखं. पण हा एकच."
हा एकच म्हणजे काय?

१० फेब्रु., मंगळवार
जुनं टोक कापलं. मेधाने अ‍ॅक्सलच्या पोटातून आरपार सरळ दांडा घातला, नवीन टोक त्यावर ओवलं, फिरवून फिरवून तपासलं. जरा तिरकं बसलं तर टायर एका अंगाने खाल्ला जातो. मग वेल्डिंग. काळी काच धरून मीही बघितलं. वेल्डची रेघ शेवटपर्यंत एकसारखी.
जोड ग्लासवूलमध्ये, म्हणजे काचेच्या कापसात, गुंडाळून ती बेअरिंग आणायला गेली. आपोआप निवू दे, म्हणाली. तिची पाठ वळली नाही तोच ड्रायव्हर बादली घेऊन हजर. "आंटी, पानी मारता हूँ, जल्दी ठंडा होगा."
घाईत सगळे हेच करतात. तापल्या जोडावर पाणी पडलं की आत बारीक चीर जाते, बाहेरून दिसतही नाही. मी मध्ये उभी राहिले. "डालना है तो मेरे ऊपर डाल."
हसला. बादली खाली ठेवून त्यातच पाय धुतले. "आप भी मिस्त्री हो क्या?"
"मिस्त्री की माँ हूँ."

१२ फेब्रु., गुरुवार
ट्रेलर माल भरून गेला. कसारा घाट. दिवसभर मेधाने फोन उलटा ठेवला होता. मी चारदा सुलटा केला.

१६ फेब्रु., सोमवार
परतताना ट्रेलर शेडवर थांबला. ड्रायव्हरने खाली उतरून आधी हबला, चाकाच्या मधल्या तुंब्याला, हाताची मागची बाजू लावली. मोठी फेरी झाली की हे लोक तसंच करतात; आत बेअरिंग नीट बसली नसेल तर हब तापतं. मग मला हाक: "आंटी, हाथ लगाओ."
कोमट. तव्यावरून उतरून थोडा वेळ झालेल्या भाकरीएवढं. बाकीच्या चाकांहून जास्त नाही.
हबवर माझा हात, असा फोटो त्याने जेठाभाईंना पाठवला. बघितल्याची निळी खूण आली. उत्तर नाही.
मेधाने मागची पिंपं हलवून अर्धी शेड मोकळी केली, अजून एक ट्रेलर मावेल एवढी. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. केरसुणी घेतली आणि उरलेला कोपरा झाडून काढला.